एक घड्याळ, दोन यंत्रे

(ध्वनिमुद्रणाविषयीच्या या पुस्तकाच्या अनुवादिकेने बडोदे येथील मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वाचकांच्या सूचनेवरून तो दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी जोडला आहे.)



मराठी घेऊन एम.ए. झालेल्या बाईने यंत्रे आणि तारा यांवर बोलावे, ही गोष्ट आपणांस थोडी चमत्कारिक वाटली असेल. मलाही ती तशीच वाटते. ध्वनिमुद्रणाचे शास्त्र सांगणाऱ्या या पुस्तकाचा अनुवाद माझ्याकडे आला तेव्हा त्यातील एका प्रकरणाने मला सर्वांत अधिक छळले. अनेक ट्रॅकांवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे प्रकाशाच्या तारेने एकमेकांस कशी जोडावीत, हा त्या प्रकरणाचा विषय. त्यातील एका वाक्याचा मी चुकीचा अनुवाद केला. पुस्तक छापले जाण्यापूर्वीच ते वाक्य एका ठिकाणी वापरले गेले आणि त्यापायी अकरा मिनिटांचे गाणे कायमचे डागाळले. ती चूक सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. परंतु चूक समजावयाची तर आधी यंत्रे समजली पाहिजेत. म्हणून प्रारंभी थोडे शास्त्र सांगते. ते कंटाळवाणे झाले तर दोष माझा, शास्त्राचा नव्हे.

पूर्वी गाणे मुद्रित करावयाचे म्हणजे गायक, साथीदार, टाळकरी या सर्वांनी एकाच वेळी गावे-वाजवावे आणि जे उमटेल ते पदरी घ्यावे, अशी रीत होती. पेटीवाल्याचे बोट चुकले की गायकालाही पुन्हा गावे लागे. फितीच्या रुंदीत अनेक समांतर पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यावर वेगळा आवाज नोंदवावा, ही कल्पना पुढे आली तेव्हा ही अडचण दूर झाली. शेतात सऱ्या पाडाव्यात आणि प्रत्येक सरीत निराळे पीक घ्यावे, तसा हा प्रकार आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ साली अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकांचे यंत्र आले. त्यानंतर दोन इंच रुंदीच्या फितीवर सोळा आणि चोवीस ट्रॅक मावू लागले. या पट्ट्यांना मी पहिल्या खर्ड्यात ‘मार्ग’ म्हटले होते. पण स्टुडिओत ‘ट्रॅक’ याखेरीज दुसरा शब्द कोणीच बोलत नाही, हे दिसल्यावर मी मुकाट्याने तो स्वीकारला.

ही यंत्रे कपाटाएवढी असत आणि त्यांची किंमत मोठ्या संस्थांनाच परवडे. हा बंदोबस्त मोडला तो अमेरिकेतील अलेसिस या कंपनीने. कीथ बार हे तिचे संस्थापक. १९९१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे संगीतसाहित्याच्या व्यापारी प्रदर्शनात या कंपनीने ‘एडॅट’ नावाचे यंत्र जाहीर केले आणि १९९२ साली ते बाजारात आले. त्याची किंमत चार हजार डॉलरांच्या किंचित आत होती. ते आकाराने घरातल्या व्हिडिओ रेकॉर्डरएवढे होते, आणि त्यात घालावयाची कॅसेटही व्हिडिओचीच, एस-व्हीएचएस जातीची होती. दोन तास चित्र साठवणारी ती कॅसेट या यंत्रात सुमारे चाळीस मिनिटे पुरे. मात्र तेवढ्यात आठ ट्रॅक आणि तेही आकड्यांच्या रूपात नोंदले जात. आठ अपुरे पडले तर दुसरे यंत्र जोडावे, ते अपुरे पडले तर तिसरे. अशी सोळा यंत्रे एकत्र चालवून १२८ ट्रॅक मिळवण्याची सोय होती. घराच्या एका खोलीत स्टुडिओ थाटणे त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आले.

आता जोडणीकडे वळू. आठ ट्रॅक एका यंत्रातून दुसऱ्यात न्यावयाचे तर साध्या तारा किती लागतील? जावयास आठ, यावयास आठ, मिळून सोळा. आणि त्यांची टोके बत्तीस. प्रत्येक टोक सैल होऊ शकते. शिवाय दोन यंत्रे धातूच्या तारेने जोडली आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असली, तर त्या वेटोळ्यातून घरच्या विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. तो हेलकावा गाण्याच्या तळाशी ‘हूं’ असा अखंड घुमत राहतो. तंबोऱ्याच्या जोडीला कोणी भुंगा आणून बसवावा, तसे ते वाटते.

एडॅटच्या पाठीवर यासाठी एक लहानशी चौकोनी खोबण असे. तीतून वीज जात नाही, उजेड जातो. ही खोबण आणि तिच्यात बसणारी टोपी अलेसिसने शोधलेली नव्हे. जपानच्या तोशिबा कंपनीने १९८३ साली आपल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांसाठी ती काढली आणि तिला टॉसलिंक हे नाव दिले. तार म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा तंतू. त्याच्या एका टोकाशी लाल दिवा असतो, लेसर नव्हे; दुसऱ्या टोकाशी उजेड ओळखणारा लहानसा डोळा असतो. तंतूच्या भिंतीवर फार तिरका पडलेला किरण बाहेर न जाता आत परततो आणि असा परतत परतत शेवटास पोहोचतो. पाण्याच्या धारेतून उजेड वळणाने नेता येतो, हे जिनिव्हाच्या कोलादों यांनी १८४० च्या सुमारास दाखवले होते. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचे काम पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत केले. त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्या मोठ्या विद्येचे हे एक घरगुती पोर समजा.

या जोडणीला इंग्रजीत जे नाव पडले त्याचा मी ‘प्रकाशनळी’ असा अनुवाद केला होता. तो वाचून स्टुडिओतला तंत्रज्ञ म्हणाला, “ताई, ट्यूबलाइट कुठली जोडायची?” तेव्हापासून मी ‘ऑप्टिकल केबल’ म्हणते, आणि लिहिताना ‘प्रकाशतार’.

एका तंतूतून आठ आवाज एकमेकांत न मिसळता कसे जातात? आवाजाची लाट सेकंदातून ४८,००० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजणीचा एक आकडा होतो. त्यास नमुना म्हणतात. पहिल्या ट्रॅकचा नमुना, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असे आठ नमुने एका ओळीत बसतात आणि ती ओळ रवाना होते. लगेच पुढची ओळ तयार असते. प्रत्येक नमुन्यासाठी २४ बिटांची जागा राखलेली आहे. पहिली एडॅट यंत्रे १६ बिटांचीच होती, पण वाट मात्र आधीपासूनच रुंद बांधलेली होती. आठ गुणिले चोवीस म्हणजे १९२ बिट झाले.

येथे एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. दिवा लागला म्हणजे एक आणि विझला म्हणजे शून्य, असे आपणांस वाटेल. तसे नाही. दिव्याची स्थिती पालटली म्हणजे एक, तशीच राहिली म्हणजे शून्य. मग पुष्कळ शून्ये सलग आली तर दिवा स्थिर राहणार, आणि किती शून्ये गेली हे घेणाऱ्याला कळणार कसे? म्हणून दर चार बिटांमागे एक ‘एक’ मुद्दाम घातलेला असतो. असे ४८ बिट वाढून २४० होतात. पूर्ण ओळ मात्र २५६ बिटांची आहे. उरलेल्या सोळांत एक खूण असते: दहा शून्ये सलग. आकड्यांच्या मजकुरात चारांहून अधिक शून्ये सलग येऊच शकत नाहीत; म्हणून दहा आली की घेणाऱ्याने ओळखावे, नवी ओळ सुरू झाली. सेकंदाला ४८,००० ओळी, प्रत्येकीत २५६ बिट. म्हणजे सेकंदाला १ कोटी २२ लाख ८८ हजार बिट त्या एवढ्याशा तंतूतून जातात.

मित्रहो, त्या दहा शून्यांकडे पुन्हा एकदा पाहा. ती केवळ ओळीची खूण नाहीत. सेकंदाला ४८,००० वेळा नेमाने येणारा तो ठोकाही आहे. प्रकाशतार नाद नेते आणि त्याबरोबर पाठवणाऱ्याचे घड्याळही नेते. माझी चूक नेमकी येथे झाली.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. ही तार एकाच दिशेने बोलते. म्हणून पहिल्या यंत्राच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये एक तार, आणि परतीची गरज असल्यास दुसरी उलट दिशेने. टोकांवरची प्लास्टिकची टोपणे काढावयास विसरू नये; हसू नका, मी ती विसरलेली पाहिली आहेत. टोपी अलगद दाबली की ‘टक’ असा आवाज होतो. आत बसवण्यापूर्वी दुसरे टोक पाहावे. तेथे लाल उजेड दिसला तर पाठवणारे यंत्र जागे आहे. तारेला घडी पडेल असे वळण देऊ नये आणि ती विनाकारण लांब घेऊ नये. पाच मीटरांपर्यंत काळजी नाही, दहाच्या पुढे भरवसा धरू नये. हीच खोबण दोनच आवाज नेणाऱ्या एसपीडिफ नावाच्या पद्धतीसाठीही वापरतात. टोपी बरोबर बसते, उजेडही जातो, पण दोन यंत्रे निराळ्या भाषा बोलत असल्यामुळे कानी काही पडत नाही किंवा नुसती खरखर पडते. अशा वेळी यंत्रावर कोणती भाषा निवडली आहे ते पाहावे. नमुने सेकंदाला ९६,००० हवे असतील तर एकाच तारेतून आठांऐवजी चारच ट्रॅक जातात. वाट तेवढीच, गर्दी दुप्पट, असा हा साधा हिशेब आहे. फीत कोठवर आली आहे, हे मात्र ही तार सांगत नाही. दोन फीतयंत्रे एकाच जागेवरून चालवावयाची तर नऊ पिनांची वेगळी केबल लागे.

आता घडलेली हकीकत सांगते.

आपल्या शहरातील मराठी कुटुंबांची एक भजनी मंडळी होती. तिचे बुवा आता हयात नाहीत. १९९६ साली त्यांचे भजन दोन एडॅट कॅसेटींवर मुद्रित केले होते: बुवांचा आवाज, पखवाज, पेटी, टाळांचे दोन ट्रॅक आणि मागच्या कोरसाचे तीन. ती यंत्रे पुढे निघावयाची बंद झाली. जी उरली आहेत त्यांची वाचणारी मुखे झिजली आहेत, फितीही म्हाताऱ्या झाल्या आहेत. बुवांच्या चिरंजिवांनी एका स्टुडिओत जुने यंत्र मिळवून सर्व आठ ट्रॅक संगणकावर उतरवून घ्यावयाचे ठरवले. त्या वेळी मी अनुवादाच्या शंका घेऊन त्याच स्टुडिओत जात असे. तेथील तरुण तंत्रज्ञाला इंग्रजी पुस्तक जड जाई. म्हणून जोडणीच्या प्रकरणाचा माझा खर्डा मी त्याला दिला. आपला अनुवाद कोणाच्या उपयोगी पडतो आहे, याचा मला मोठा आनंद झाला होता.

मूळ वाक्याचा आशय असा होता: पाठवणाऱ्या यंत्राने घड्याळ द्यावे आणि घेणाऱ्याने तारेतून येणारे तेच घड्याळ पाळावे. मी लिहिले: ‘दोन्ही यंत्रांची घड्याळे सारखी लावावीत.’ वाक्य सुटसुटीत झाले, कानाला बरे वाटले, आणि मी पुढे गेले.

तंत्रज्ञाने अक्षरशः तसेच केले. एडॅटवर ४८,०००, संगणकाच्या यंत्रावरही ४८,०००. दोन्ही घड्याळे सारखी. मात्र संगणकाचे यंत्र स्वतःच्याच घड्याळावर राहिले. दोन्ही कॅसेटी उतरल्या. आठवड्याने चिरंजिवांनी घरी शांतपणे ऐकल्या आणि फोन केला, “मधूनमधून टिक टिक वाजतं. बुवांच्या वेळी तर असं नव्हतं.”

असे का झाले? बांधकामावर मजूर ओळीने उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते आपण पाहिले असेल. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ठेका एक असतो तोवर एकही घमेले सांडत नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हाताकडे न पाहता स्वतःच्या मनाशी मोजत हात पुढे केला तर? तोही मिनिटाला तितकीच घमेली मोजत असेल. पण त्याचे मिनिट केसभर लांब असले की केव्हा तरी एक घमेले दोघांच्या हातांमधून खाली पडणारच. यंत्रातील स्फटिकांची घड्याळे कितीही चांगली असली तरी दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत दहा एवढाच फरक धरा. ४८,००० नमुन्यांत तो जवळजवळ अर्ध्या नमुन्याचा होतो. म्हणजे दर दोन सेकंदांना एक नमुना गळतो किंवा एकच नमुना दोनदा घेतला जातो. लाट त्या जागी तुटते आणि कानाला ‘टिक’ ऐकू येते.

उपाय सोपा होता. संगणकाच्या यंत्रावरील एक निवड बदलून ते प्रकाशतारेतल्या घड्याळावर आणले आणि कॅसेटी पुन्हा चालवल्या. पहिली कॅसेट स्वच्छ उतरली. दुसरी, पहिल्या वेळी बिनतक्रार चाललेली, शेवटची अकरा मिनिटे राहिली असता यंत्रात अडकली. बाहेर काढली तेव्हा फीत चुरगळून तिची चुण्यांची झालर झाली होती. ती पुन्हा वाचता आली नाही.

त्या अकरा मिनिटांची एकच प्रत आता उरली आहे, माझ्या वाक्याप्रमाणे उतरवलेली. तिच्यात तीनशेंहून अधिक टिका आहेत. तंत्रज्ञाने त्यांतील पुष्कळशा हाताने एकेक करून सांधल्या. काही टाळांच्या झणत्कारात आपोआप झाकल्या गेल्या. परंतु बुवांनी एकट्याने स्वर लावून धरला आहे तेथे त्या लपत नाहीत. एका ट्रॅकवरचा डाग दुसऱ्यावरून भरून काढावा म्हटले तर तेही शक्य नाही, कारण तो आठही ट्रॅकांवर एकाच क्षणी पडलेला आहे.

मी तंत्रज्ञाजवळ दिलगिरी व्यक्त केली तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “पण ताई, तुम्ही लिहिलंय तसंच केलं होतं.” त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. चिरंजिवांकडे गेले तर त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “आहे तशी प्रत सर्वांना वाटतो. न ऐकण्यापेक्षा बरं.”

अनुवादकाच्या चुका बहुधा निरुपद्रवी असतात, असा माझा समज होता. कथेत एखादी छटा हरवते, एखादा विनोद फसतो. वाचक समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. ‘सारखे’ आणि ‘एकच’ हे दोन शब्द मराठीत आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. दोन बहिणींची लुगडी सारखी असली तरी ती दोन असतात, हे सांगावयास कोणी लागत नाही. तरीही लिहिताना ते मी विसरले. दोन सारखी घड्याळे म्हणजे एक घड्याळ नव्हे. छापील पुस्तकात ते वाक्य आता असे आहे: ‘पाठवणाऱ्या यंत्रास स्वतःच्या घड्याळावर चालू द्यावे, घेणाऱ्या यंत्रास स्वतःचे घड्याळ सोडून प्रकाशतारेतून येणाऱ्या घड्याळावर चालवावे. जोडलेली यंत्रे कितीही असोत, घड्याळ देणारे एकच असावे.’ ते लांबले आहे आणि कानाला तितके गोड नाही. मी ते तसेच ठेवले आहे.

एडॅटच्या फितींचा जमाना संपला, परंतु ही प्रकाशतार संपलेली नाही. संगणकाच्या यंत्राला आणखी आठ मायक्रोफोन जोडावयाचे असले तर आजही अनेक स्टुडिओंत हीच खोबण, हीच ओळ आणि हीच दहा शून्ये कामी येतात. म्हणून जाता जाता एक विनंती करते. आपल्यापैकी कोणाच्या कपाटात १९९० नंतरच्या दशकातल्या अशा कॅसेटी असतील, तर त्या पुढच्या वर्षावर टाकू नका. त्या वाचणारी यंत्रे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. काम ज्याच्या हाती द्याल त्याला भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: घड्याळ कोणाचे? आणि पहिली पाच मिनिटे उतरली की तेथेच बसून, कानाला हेडफोन लावून, शेवटपर्यंत ऐका.